टॅगची यादी पुन्हा पुन्हा का चुकते: गिटमधील एका जुनाट दुखण्याचे निवारण

इंदूरला पलासियाजवळच्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण साठ्याची आणि हिशेबाची एक प्रणाली लिहितो व ती उज्जैन, देवास, बऱ्हाणपूर अशा आसपासच्या गावांतील व्यापाऱ्यांकडे बसवतो. गेल्या दीड वर्षात एकच तक्रार आमच्याकडे पाच वेळा आली: ग्राहकाकडे जी आवृत्ती जायला हवी होती ती गेली नाही, भलतीच गेली. दर वेळी बोट गिटच्या, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, टॅगयादीकडे (टॅग म्हणजे आवृत्तीला लावलेले नाव) जात असे, दर वेळी कोणीतरी तात्पुरती मलमपट्टी करत असे आणि दोन-तीन महिन्यांनी तेच दुखणे डोके वर काढत असे. पाचव्या खेपेला आम्ही आधीच्या चारही नोंदी एकत्र ठेवून वाचल्या, तेव्हा कळले की लक्षण एक असले तरी पाचही वेळी कारण वेगळे होते आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडणारा नव्हता. त्या पाचही कारणांचा छडा कसा लावावा हे येथे लिहिले आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकायच्या आहेत.

सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा: ही यादी कोणाची आहे? पुष्कळांची समजूत असते की ‘गिट टॅग’ ही आज्ञा सर्व्हरला विचारून उत्तर देते. तसे ती कधीच करत नाही. आपल्या संगणकावरील रिपॉझिटरीत (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्यात) या क्षणी जे टॅग नोंदलेले आहेत तेवढेच ती छापते, मग सर्व्हरवर काहीही असो. म्हणून निदानाची सुरुवात दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून करावी:

गिट टॅग --लिस्ट
गिट एलएस-रिमोट --टॅग्ज --रेफ्स ओरिजिन

दुसऱ्या आज्ञेतील ‘--रेफ्स’ विसरू नये. ते नसेल तर माहितीसह लावलेला (अ‍ॅनोटेटेड) प्रत्येक टॅग दोनदा दिसतो, एकदा साध्या नावाने आणि एकदा नावापुढे ^{} अशी खूण घेऊन. ही दुसरी ओळ म्हणजे वेगळा टॅग नव्हे. तो टॅग शेवटी ज्या कमिटकडे (नोंदलेल्या बदलाकडे) बोट दाखवतो त्या कमिटचा तो पत्ता असतो. आमच्याकडे एका नव्या मुलाने या दुहेरी ओळी पाहून अर्धे टॅग ‘जास्तीचे’ म्हणून पुसायला घेतले होते. सुदैवाने त्याला तो अधिकार दिलेला नव्हता.

दोन्ही याद्या जुळत असतील तर दोष क्रमात किंवा शोधण्याच्या नमुन्यात असतो. त्या जुळत नसतील तर दोष आपल्याकडच्या प्रतीत असतो. एवढी विभागणी झाली की निम्मे काम झाले.

नऊनंतर दहा

पहिली तक्रार बऱ्हाणपूरच्या एका यंत्रमाग कारखान्यातून आली. आम्ही १.१० लावली असे समजत होतो आणि त्यांच्या पडद्यावर १.९ दिसत होते. आमची स्क्रिप्ट (आपोआप चालणारी आज्ञांची फाइल) टॅगच्या यादीतील शेवटची ओळ उचलून तीच ताजी आवृत्ती मानत होती. अण्णा, म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सहकारी, यादी डोळ्यांखालून घालून म्हणाले, “अहो, यादीत सगळ्यांत खाली १.९च आहे, स्क्रिप्टचे काय चुकले?” स्क्रिप्टचे तिच्या परीने खरोखरच काही चुकले नव्हते. गिट टॅगची नावे मुळात शब्दकोशातल्यासारखी, एकेक अक्षर ताडून लावते. त्या हिशेबाने १.१ नंतर १.१०, मग १.११, आणि त्यानंतर कधीतरी १.२, म्हणजे १.९ कायम तळाशी. लिनक्स कर्नलच्या रिपॉझिटरीतही हेच पाहायला मिळते: २०१९ मधील व्ही५.४ हा टॅग २०२० मधील व्ही५.१० च्या खाली छापला जातो. जोवर आवृत्तीचा प्रत्येक भाग एका अंकात मावतो तोवर हा दोष झाकलेला राहतो, आणि म्हणूनच तो पुन्हा पुन्हा नव्याने सापडल्यासारखा वाटतो. आज १.९ वरून १.१० वर जाताना तो दिसला, तर उद्या ९९ वरून १०० वर जाताना पुन्हा दिसेल.

त्यावरचा उपाय सोपा आहे:

गिट टॅग --सॉर्ट=व्हर्जन:रेफनेम

उलटा क्रम हवा असल्यास ‘व्हर्जन’च्या आधी उणे चिन्ह द्यावे. ‘टॅग.सॉर्ट’ या सेटिंगमध्ये हा क्रम कायमचा ठरवता येतो, पण ती सोय माणसांसाठी चांगली आणि स्क्रिप्टसाठी घातक आहे असे माझे मत आहे. एका सहकाऱ्याने आपल्या संगणकावर सर्वांत नवा टॅग वर दिसावा म्हणून उलटा क्रम लावून ठेवला होता. शेवटची ओळ उचलणारी आमची स्क्रिप्ट त्याच्या संगणकावर चालवली की सर्वांत जुनी आवृत्ती उचलत असे. स्क्रिप्टमध्ये नेहमी ‘फॉर-ईच-रेफ’ वापरावी. ती ‘टॅग.सॉर्ट’कडे पाहत नाही, शिवाय तिला किती ओळी हव्यात हेही सांगता येते:

गिट फॉर-ईच-रेफ --काउंट=१ --सॉर्ट=-व्हर्जन:रेफनेम रेफ्स/टॅग्ज

येथे एक बारकावा सांगायला हवा. टॅगच्या नावात तिरकी रेघ असेल, जसे ‘देवास/१.४’, तर ‘गिट टॅग --लिस्ट’च्या नमुन्यातील तारा (कोणत्याही अक्षरांची जागा घेणारी * ही खूण) ती रेघ ओलांडून जातो, पण ‘फॉर-ईच-रेफ’च्या नमुन्यातील तारा त्या रेघेपाशी थांबतो. आज्ञा बदलली आणि यादी आखडली, असे झाले तर आधी हेच तपासावे.

दुसरी तक्रार पहिल्या उपायातूनच जन्मली. क्रम दुरुस्त झाला आणि दोन महिन्यांत उज्जैनच्या एका दुकानात चाचणीची आवृत्ती जाऊन बसली. कारण आवृत्तीच्या क्रमात १.१२ नंतर १.१२-आरसी१ येते, जादा अक्षरे असलेले नाव मोठे धरले जाते. ‘आरसी’ म्हणजे अजून पक्की न झालेली आवृत्ती, हे माणसाला कळते, गिटला सांगावे लागते:

गिट -सी व्हर्जनसॉर्ट.सफिक्स=-आरसी टॅग --सॉर्ट=व्हर्जन:रेफनेम

हे सांगितल्यावर ‘-आरसी’ असलेली नावे मूळ आवृत्तीच्या आधी सरकतात. बीटा, आरसी असे अनेक टप्पे असतील तर हेच सेटिंग अनेकदा, ज्या क्रमाने ते टप्पे यायला हवेत त्या क्रमाने द्यावे. जुन्या लेखांत या सेटिंगचे नाव ‘व्हर्जनसॉर्ट.प्रीरिलीजसफिक्स’ असे सापडते. ते मागे पडलेले नाव आहे.

तारखेप्रमाणे लावले तर हा सगळा घोळ टळेल, असे अनेक जण सुचवतात. मला ते पटत नाही. १.१० बाहेर पडल्यावर जुन्या ग्राहकासाठी १.९.३ काढावी लागते आणि मग तारखेने १.९.३ ही ‘ताजी’ ठरते. त्यातच टॅग दोन प्रकारचे असतात: माहितीसह लावलेल्या टॅगला स्वतःची तारीख असते आणि हलक्या (लाइटवेट) टॅगला ती नसते. ‘टॅगरडेट’ने लावले तर हलके टॅग तारीख रिकामी म्हणून एका टोकाला गोळा होतात. ‘क्रिएटरडेट’ने ती अडचण टळते, कारण हलक्या टॅगसाठी ती कमिटची तारीख धरते, पण ज्या संगणकावर टॅग लावला त्याचे घड्याळ खरे होते हे गृहीतच धरावे लागते. आमच्या एका जुन्या संगणकाची आतली बॅटरी गेली होती आणि त्यावरून लावलेले तीन टॅग आजही यादीत कित्येक वर्षे मागे दिसतात.

यादी रिकामी येते

तिसऱ्या खेपेला स्क्रिप्टला यादीच मिळाली नाही. अण्णांच्या संगणकावर ऐंशीहून अधिक टॅग, आणि बिल्ड, म्हणजे कोडपासून चालवण्याजोगी आवृत्ती, जेथे तयार होते त्या सर्व्हरवर एकही नाही. वेळ वाचावा म्हणून त्या सर्व्हरवर ‘--डेप्थ १’ देऊन उथळ क्लोन, म्हणजे पूर्ण इतिहास नसलेली प्रत, केला जात होता. अशा क्लोनमध्ये एकाच ब्रँचचा (कामाच्या एका शाखेचा) शेवटचा कमिट येतो आणि गिट आपण होऊन फक्त तेच टॅग बरोबर आणते जे आणलेल्या कमिटवर बसलेले असतात. टोकाच्या कमिटवर टॅग असेल तर तो एकटा दिसतो, नसेल तर काहीच दिसत नाही. त्यामुळे टॅग लावल्या लावल्या बिल्ड केले की सगळे सुरळीत आणि त्यावर एखादा कमिट चढला की यादी रिकामी, असा लपंडाव चालतो. गिटहब अ‍ॅक्शन्स या स्वयंचलित बिल्डसेवेतील चेकआउटची क्रियाही वेगळे काही सांगितले नाही तर एकच कमिट आणते. तेथे ‘फेच-डेप्थ’ शून्य केले की पूर्ण इतिहास आणि सारे टॅग येतात. आपल्या सर्व्हरवर असेल तर

गिट फेच --अनशॅलो --टॅग्ज ओरिजिन

ही आज्ञा पुरते. केवळ नावे हवी असतील तर एवढेही करू नये. ‘एलएस-रिमोट’ काहीही न उतरवता यादी देते आणि आवृत्तीच्या क्रमानेही लावून देते. तारखेचा क्रम मात्र ती देऊ शकत नाही, कारण तारीख टॅगच्या वस्तूत असते आणि ती वस्तू आपल्याकडे आलेलीच नसते.

फेच करूनही, म्हणजे सर्व्हरवरचे नवे ते मागवूनही, नवे टॅग येत नसतील तर ‘गिट कॉन्फिग रिमोट.ओरिजिन.टॅगऑप्ट’ विचारून पाहावे. कोणीतरी कधीकाळी ‘--नो-टॅग्ज’ देऊन क्लोन केला असेल तर ती इच्छा सेटिंगमध्ये नोंदली जाते आणि पुढच्या प्रत्येक साध्या फेचला लागू होते.

रिकाम्या यादीचे आणखी एक कारण गिटच्या बाहेरचे, टंकलेल्या आज्ञा वाचणाऱ्या शेलमधले आहे. ‘गिट टॅग --लिस्ट व्ही१.*’ असे अवतरणचिन्हांशिवाय लिहिले तर तारा आधी शेलच्या हाती पडतो. चालू फोल्डरमध्ये ‘व्ही१.’ने सुरू होणारी फाइल नसेल तर बॅश हा शेल नमुना जसाच्या तसा पुढे देतो आणि सारे ठीक चालते. तशी फाइल असेल तर नमुन्याच्या जागी त्या फाइलचे नाव जाते आणि यादी रिकामी येते. म्हणजे एकच आज्ञा मूळ फोल्डरमध्ये चालते आणि कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये चालत नाही. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये जुळणारी फाइल नसेल तर शेल स्वतःच अडवतो, जे एका अर्थी बरे. विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एकेरी अवतरणचिन्हांना अवतरणाचा अर्थच नाही. ती नमुन्याचा भाग होऊन गिटकडे जातात आणि अशा नावाचा टॅग अर्थातच सापडत नाही. म्हणून सगळीकडे दुहेरी चिन्हे वापरावीत. नमुना संपूर्ण नावाशी जुळावा लागतो, नावाच्या तुकड्याशी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. आणि ‘गिट टॅग लिस्ट’ असे उणे चिन्हांशिवाय कधी लिहू नये: त्याने यादी येत नाही, ‘लिस्ट’ नावाचा नवा टॅग तयार होतो. आमच्या रिपॉझिटरीत असा एक टॅग होता आणि तो कोणी लावला यावर चहाच्या वेळी अजून वाद होतो.

काही जुन्या स्क्रिप्ट ‘.गिट/रेफ्स/टॅग्ज’ हे फोल्डर उघडून त्यातल्या फाइली मोजतात. तसे करू नये. सफाई झाली की गिट टॅगच्या नोंदी ‘पॅक्ड-रेफ्स’ या एकाच फाइलमध्ये गोळा करते आणि ताज्या क्लोनमध्ये त्या पहिल्यापासून तेथेच असतात. २०२४ मधील गिट २.४५ पासून आलेल्या, नोंदी ठेवण्याच्या रेफटेबल पद्धतीत तर ही दोन्ही ठिकाणे उपयोगाची नाहीत. सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या साधनातून ‘गिट एसव्हीएन’ने आणलेल्या रिपॉझिटरीत टॅग दिसत नसतील तर ते दूरच्या ब्रँचच्या रूपात आलेले असतात, ‘गिट ब्रँच -आर’ने सापडतात आणि हाताने टॅगमध्ये बदलावे लागतात.

पुसलेला टॅग परत येतो

चौथी तक्रार सर्वांत चिवट निघाली आणि तिने आमचे सर्वांत जास्त दिवस खाल्ले. १.१४ हा टॅग चुकीच्या कमिटवर लागला होता. तो सर्व्हरवरून पुसला, त्याच नावाने योग्य कमिटवर पुन्हा लावला आणि सगळ्यांना सांगितले की काम झाले. दुसऱ्या दिवशी दोघांच्या संगणकांवर जुनाच १.१४ होता. तेव्हा वैतागून ते नावच रद्द केले आणि १.१४.१ काढली, चार दिवसांनी जुना १.१४ सर्व्हरवर पुन्हा हजर.

यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक म्हणजे, सर्व्हरवर टॅग पुसला तरी इतरांच्या प्रतींतून तो आपोआप जात नाही, आणि ‘फेच --प्रून’नेही जात नाही; ती सफाई ब्रँचपुरती असते. सर्व्हरवर टॅग हलवला असेल तर २०१८ मधील गिट २.२० पासून फेच आपल्याकडचा टॅग सक्तीशिवाय बदलत नाही आणि आधीचा टॅग पुसला जाईल अशी तक्रार करून तो नाकारते. हा नकार चांगला आहे. त्याआधी टॅग गुपचूप बदलत असत. दुसरी गोष्ट म्हणजे, आमच्यातील दोघांना ‘गिट पुश --टॅग्ज’ लिहायची सवय होती. ही आज्ञा आपल्याजवळचा प्रत्येक टॅग सर्व्हरवर ढकलते, त्यात सर्व्हरवरून पुसलेलाही जातो. म्हणजे एका संगणकावर जुना टॅग शिल्लक असेतो सर्व्हरवर कितीही वेळा पुसला तरी तो परत येणारच.

‘--फॉलो-टॅग्ज’ वापरल्याने हे थांबेल अशी आमची आशा होती, पण तीही फोल ठरली. तो पर्याय माहितीसह लावलेले टॅगच ढकलतो आणि तेही ढकलल्या जाणाऱ्या इतिहासात असलेलेच. आमचा चुकीचा टॅग नेमका त्याच इतिहासातल्या एका कमिटवर होता. खरा उपाय प्रत्येकाने आपापल्या संगणकावर करायचा असतो:

गिट फेच ओरिजिन --प्रून --प्रून-टॅग्ज --ड्राय-रन

ही आज्ञा काय पुसले जाईल ते आधी दाखवते. ते पाहून मगच शेवटचा शब्द काढून ती खरोखर चालवावी. हे आग्रहाने सांगतो, कारण ‘--प्रून-टॅग्ज’ सर्व्हरवर नसलेला प्रत्येक टॅग पुसते, त्यात आपण कालच लावलेला आणि अजून न ढकललेला टॅगही गेला. हलका टॅग पुसला गेला आणि तो कोणत्या कमिटवर होता हे आठवत नसेल तर तो शोधणे कठीण होते. सगळ्या संगणकांवर सफाई झाल्यावर सर्व्हरवर एकदा पुसावे आणि पुढे टॅग नाव घेऊन एकेकटा ढकलावा, ‘गिट पुश ओरिजिन व्ही१.१५’ असा. सर्व्हरवर टॅग संरक्षित करण्याची सोय असेल तर ती वापरावी. एकदा बाहेर गेलेले नाव पुन्हा वापरू नये, नवे घ्यावे; गिटच्या टॅग आज्ञेच्या मदतपानावरही या चुकीसाठी स्वतंत्र भाग आहे आणि त्यातला शहाणपणाचा सल्ला हाच आहे.

दिसायला एक, असायला दोन

पाचवी तक्रार फक्त मराठी लिहिणाऱ्यांच्याच वाट्याला यावी अशी आहे. ग्राहकागणिक टॅगची नावे अण्णांच्या आग्रहाने आम्ही देवनागरीत ठेवली होती. एके दिवशी यादीत ‘बऱ्हाणपूर-४’ दोनदा दिसला. गिट एका नावाचे दोन टॅग ठेवूच शकत नाही, म्हणून आम्ही सर्व्हरवर संशय घेतला आणि एक आख्खी दुपार घालवली. दोष त्या ऱ्ह मध्ये होता. हे जोडाक्षर युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे लिहिता येते: ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र ऱ घेऊन, साध्या र खाली नुक्ता देऊन, किंवा र चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक ठेवून. डोळ्यांना तिन्ही सारखी दिसतात; गिट मात्र नावाचे बाइट ताडून पाहते आणि तिच्या लेखी ती तीन वेगळी नावे आहेत. आमच्यातील दोघांचे कळफलक निराळे होते, एवढेच कारण. असा संशय आला की यादी बाइट उघडे करून दाखवणाऱ्या ‘एक्सएक्सडी’ या आज्ञेतून पाहावी, बाइट वेगळे असतील तर लगेच दिसतात. देवनागरी अंकांचीही तीच गत होते. आवृत्तीच्या क्रमात गिट फक्त इंग्रजी अंकांनाच संख्या मानते, त्यामुळे देवनागरी १० हा २ च्या आधीच राहतो आणि ‘व्हर्जन:रेफनेम’ दिल्याने काही बदलत नाही. देवनागरी नावांबद्दल मला आजही आपुलकी आहे, पण टॅगसाठी आम्ही ती सोडली. आता ग्राहकाचे मराठी नाव टॅगच्या संदेशात लिहितो आणि नाव रोमनमध्ये ठेवतो.

या सगळ्यानंतर स्क्रिप्टमध्ये आम्ही जो बदल केला तो आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांहून लहान आहे. ती आता ताजा टॅग शोधतच नाही. आवृत्तीचे नाव माणसाने द्यायचे. स्क्रिप्ट ‘गिट रेव्ह-पार्स रेफ्स/टॅग्ज/’ पुढे ते नाव लावून आपल्या प्रतीतला पत्ता काढते, ‘एलएस-रिमोट --टॅग्ज --रेफ्स’ने त्याच नावाचा सर्व्हरवरचा पत्ता काढते आणि दोन्ही जुळले नाहीत तर दोन्ही छापून थांबते. अण्णांना मात्र यादी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सुरुवातीला ती शेवटचे पाच टॅग आवृत्तीच्या क्रमाने दाखवते. त्या यादीतून ती काहीही निवडत नाही.